काष्ठौषधीच्या दुकानातली पाल

फांगबाईंनी प्लास्टिकचा डबा दुकानाच्या फळीवर असा आपटला की तराजूची पारडी हलली.

"गोंगदादा, तुमच्याकडे हे घेतात ना?"

गोंग तिएन-लू तेव्हा ज्येष्ठमधाच्या चकत्या कागदावर टाकत होता. हात तसाच ठेवून, चष्मा कपाळावर सरकवून त्यानं डब्यात डोकावून पाहिलं. तळाला दोन बोटं वाळू, एक पालथी वाटी, आणि वाटीच्या कडेला एक पाल. भिंतीवरची नव्हे. वीतभर लांब, पिवळट अंगावर काळे ठिपके. कॉलेजातली मुलं हौसेनं पाळतात ती बिबट्या पाल. डोळे मिटलेले होते.

"घेतात म्हणजे?"

"म्हणजे औषधाला! तुमच्या बरणीत असतात की जोडीजोडीनं वाळवलेल्या. माझ्या वरच्या खोलीतली भाडेकरू मुलगी शिक्षण संपवून गेली, जाताना हिला मैत्रिणीच्या गळ्यात घालून गेली. परवा ती मैत्रीणही गेली, आणि ही राहिली माझ्या नशिबी. मी तर नाल्यात सोडणार होते. मग म्हटलं, कुणाच्या तरी खोकल्याला कामी येईल."

"अहो, त्या पाली वेगळ्या. चांगल्या हातभर असतात. आणि त्या वाळवूनच येतात आमच्याकडे. ही नाही चालत."

"जिवंत आहे म्हणून चालत नाही ना? मग ठेवा चार दिवस. तशीही काही जगत नाही ती," असं म्हणून फांगबाई हात झटकत निघूनही गेल्या.

तिएन-लू त्रेसष्ट वर्षांचा होता. तैवानमधल्या हूवेई गावात साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याच्या वडिलांनी काढलेलं हे काष्ठौषधीचं दुकान. तो स्वतः वैद्य नव्हता. वैद्याच्या चिठ्ठीबरहुकूम पुड्या बांधणं हे त्याचं काम. पण चाळीस वर्षं पुड्या बांधणाऱ्या माणसाला लोक वैद्याइतकंच विचारतात. भिंतभर लहान लहान खण होते. त्यांच्यावरची अक्षरं कधीच पुसून गेली होती, पण त्याला वाचायची गरज नव्हती. डोळे मिटून तो दालचिनीच्या खणाला हात घालायचा. बोलायचा कमी. मुलगी शिनचू शहरात नोकरीला होती, ती फोनवर म्हणायची, "बाबांशी बोलायचं म्हणजे बरणीशी बोलायचं."

तर हा अबोल माणूस त्या दिवशी गिऱ्हाईक गेलं की डबा पुढे ओढायचा, आलं की बाजूला सारायचा. पालीनं संध्याकाळपर्यंत एकदाच एक पाय उचलला, आणि कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा पुन्हा तिथेच ठेवला.

त्याची बायको यू-ग्वेई बाजारातून भाजी घेऊन आली. तिनं डबा पाहिला आणि पिशवी जमिनीवर ठेवली.

"हे काय?"

"फांगबाईंनी आणून टाकलं."

"आणि तू ठेवून घेतलंस! त्या बाईनं उद्या घरातला उकिरडा आणून टाकला तर तोही ठेवशील. म्हाताऱ्या माकडा, आपल्या भिंतीवर पाली कमी आहेत का?"

"ही आजारी दिसते."

"आपल्या भिंतीवरच्या निदान ओरडतात तरी! ही तर शब्द काढत नाही. नदीच्या उत्तरेकडची असणार, ताइपेईची शिष्ट." झुओश्वेई नदीच्या दक्षिणेच्या पाली बोलक्या आणि उत्तरेच्या मुक्या, हे त्या भागात शेंबडं पोरही सांगतं. "आणि ऐक, मी हिला हात लावणार नाही, आणि ही सवत माझ्या स्वयंपाकघरात आलेली मला चालणार नाही."

सवत स्वयंपाकघरात गेली नाही. तिएन-लूनं डबा मागच्या खोलीत, औषधांची पोती असतात तिथे नेऊन ठेवला. ती खोली कोरडी होती आणि वारा लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो पक्ष्यांच्या दुकानातून अळ्या घेऊन आला. दुकानदारानं सांगितलं, नवीन जागी आलेला प्राणी आठवडाभर खात नाही, घाबरलेला असतो, हात लावू नका. तिएन-लूला हे पटलं. थांबणं त्याला जमायचं. रोज संध्याकाळी दुकानाचं अर्धं शटर ओढलं की तो डब्यापाशी बसायचा. चिमट्यात अळी धरून पालीच्या तोंडापुढे हलवायचा. पाल मान फिरवायची. कधी पुढे यायची, वाटीला धडकायची आणि तिथेच थांबायची. तो म्हणायचा, "बरं, उद्या." अळी परत तिच्या डबीतल्या कोंड्यात जायची.

चौथ्या दिवशी त्यानं तिला औषधाच्या तराजूत ठेवलं. एकतीस ग्रॅम. मोबाईलवर त्यानं वाचलं होतं की अशा पालीचं शेपूट बोटासारखं जाड हवं, चरबी तिथेच साठते. हिचं शेपूट वाळलेल्या आल्याच्या फाट्यासारखं, मधे मधे आत गेलेलं. पुढच्या पायाच्या बोटांवर जुन्या कातडीचे करकोचे पडले होते. एक बोट तर नव्हतंच.

आठव्या दिवशी पुन्हा तराजू. एकोणतीस.

"थकली असेल," तो यू-ग्वेईला म्हणाला. "थोडी ताकद यायला हवी."

"कोण, तू की ती?"

त्या दिवशी दुपारी त्यानं जिन्सेंगची दोन तुसं आणि ज्येष्ठमधाची एक चकती घेतली, आणि अगदी पातळ काढा केला. थंड केला, गाळला, ड्रॉपरमध्ये भरला. आयुष्यभर जे केलं तेच. पालीच्या ओठांशी त्यानं एक थेंब टेकवला. ती मागे सरली, सरकत सरकत डब्याच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटली. दुसरा थेंब द्यायला त्यानं हात पुढे केला आणि तो हात मधेच थांबला. मनात शंकेची पाल चुकचुकणं म्हणतात ते त्याला त्या क्षणी झालं. आपण हिला काय झालंय हे न कळताच औषध देतो आहोत. आणि हे आपण पहिल्यांदा करत नाही आहोत.

त्याच्या वडिलांचा खोकला असाच एका थंडीत सुरू झाला होता. तिएन-लू तेव्हा सत्तावीस वर्षांचा. साखर कारखान्याच्या आवारात छातीचे फोटो काढणारी गाडी यायची. कामगार बाह्या वर करून रांगेत उभे राहायचे. तो वडिलांना म्हणाला होता, "चला ना, दहा मिनिटांचं काम आहे." वडील म्हणाले, "औषधवाल्यानं त्या रांगेत उभं राहायचं? उद्या आपल्या दारात कोण येईल? जा, बरणीतली जोडी काढ." मग आठ महिने तो नावेच्या आकाराच्या लोखंडी भांड्यात पायानं चाक फिरवून वाळलेल्या पाली दळत राहिला. बारीक पूड व्हायची, सुंठीच्या रंगाची. जिन्सेंगबरोबर सकाळ-संध्याकाळ. वडील म्हणायचे, बरं वाटतंय. तोही म्हणायचा, रंग सुधारलाय.

शेवटी च्याई शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "खोकला कधीपासून?" तिएन-लू म्हणाला, "दोन महिने झाले असतील." वडील खाटेवरून त्याच्याकडे नुसते बघत राहिले. खोडून काढलं नाही. सात आठवड्यांनी ते गेले.

ही गोष्ट त्यानं यू-ग्वेईलाही सांगितली नव्हती. वडील आठ महिने खोकत होते हे तिला ठाऊक होतं. 'दोन महिने' हे शब्द तिला ठाऊक नव्हते.

त्यानं उरलेला काढा मोरीत ओतला.

तरीही आणखी दोन दिवस गेलेच. पालीसाठी डॉक्टरकडे जायचं म्हणजे लोक काय म्हणतील, हा विचार त्याच्याही मनात आला होता, आणि आपण नक्की कुणासारखे बोलतोय हे कळल्यावर तो स्वतःशीच ओशाळला. मुलीला त्यानं निरोप पाठवला. तिनं आधी हसणारी दहा तोंडं पाठवली, मग तायचुंगच्या एका दवाखान्याचा पत्ता. कासवं, साप, पाली बघणारी डॉक्टरीण. हूवेईतले दवाखाने कुत्र्या-मांजरांपलीकडे जात नव्हते.

नेमकी दुसऱ्याच दिवशी थंडीची लाट आली. सकाळी पारा नऊवर. कारखान्याच्या चिमणीचा धूर वर न जाता रस्त्यावरच बसला होता, आणि सगळं गाव काकवीच्या वासात बुडालं होतं. पाल डब्यात आडवी पडली होती. पोटाला बोट लावलं तर गार.

तिएन-लू उठला. डब्यातली वाळू काढून टाकली, जुना मऊ पंचा घातला, हात शेकायच्या दोन गरम पिशव्या पंच्याबाहेरून बांधल्या आणि डबा कापडी थैलीत ठेवला. यू-ग्वेई दारात उभी राहून बघत होती.

"दुकान?"

"बंद ठेव."

"बंद?" ती म्हणाली. "माझ्या बाळंतपणात तू दुकान बंद ठेवलं नाहीस."

तो जोडे घालत राहिला. ती आत गेली, आणि स्वतःचा लोकरीचा गळपट्टा घेऊन बाहेर आली. त्याला वाटलं आपल्यासाठी. तिनं तो थैलीत कोंबला.

"घेऊन जा. रस्त्यात मेली तर परत येऊन तोंड पाडून बसशील, ते मला बघवणार नाही."

वेगवान गाडीनं तायचुंग वीस-पंचवीस मिनिटांवर, तिथून बस. गाडीत तो थैली मांडीवर घेऊन, दोन्ही हात भोवती धरून बसला. शेजारच्या तरुणीनं विचारलं, "काका, डबा गरम आहे का? वास छान येतोय." थैलीला सुंठ-दालचिनीचा वास होता. तो म्हणाला, "जेवण नाही, पाल आहे." तरुणीनं कानात वायरी घातल्या आणि खिडकीबाहेर बघू लागली.

दवाखान्यात एक आजोबा कासव घेऊन बसले होते आणि एका बाईच्या मांडीवर ससा होता. कुणालाच पालीचं काही वाटलं नाही. फळीपलीकडच्या मुलीनं कागद पुढे केला.

"नाव?"

"गोंग तिएन-लू."

"तुमचं नाही काका, हिचं."

नाव ठेवायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मुलगी पेन धरून वाट बघत होती. त्याला पिवळा रंग आठवला आणि जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीत असतंच असतं ते औषध. "ज्येष्ठमध," तो म्हणाला. मुलीनं न हसता लिहून घेतलं.

डॉक्टर वेन तिशीच्या होत्या, केस आखूड कापलेले. पालीला त्यांनी इतकं अलगद तळहातावर घेतलं, तसं लोक नवजात बाळालाही घेत नाहीत. पोटाकडून बघितलं.

"कधीपासून खात नाही?"

"माझ्याकडे आल्याला अकरा दिवस झाले," तिएन-लू म्हणाला. "पहिल्या दिवसापासून काही खाल्लं नाही. त्याआधीचं माहीत नाही. ती हडकली आहे हे मला चौथ्या दिवशी कळलं होतं. वजन उतरतंय हे आठव्या दिवशी कळलं. तरी मी आज आलो." मग जरा थांबून, "मधे एक थेंब काढाही दिला. जिन्सेंगचा."

डॉक्टरांनी मान वर केली. लोक साधारणपणे असं सांगत नाहीत.

"पुन्हा देऊ नका," त्या एवढंच म्हणाल्या. "आणि काका, हा नर आहे."

"घरी सवत म्हणतात त्याला."

डॉक्टर मोठ्यानं हसल्या, आणि त्या हसण्यानं तिएन-लूच्या खांद्यावरचा ताण थोडा उतरला.

वाळू पोटात गेली आहे का ते बघायला एक्स-रे काढायचा ठरला. दोन मिनिटांचं काम. पडद्यावर चित्र आलं: बोटभर कणा, केसासारख्या बरगड्या, पोटात थोडे वाळूचे पांढरे ठिपके. तिएन-लू पडद्याजवळ गेला आणि वाकून बघू लागला.

"काही विचारायचंय?"

"नाही. या बरगड्या ओळखीच्या आहेत." आणि मग, जे सांगायची काही गरज नव्हती ते त्यानं सांगितलं. "माझं काष्ठौषधीचं दुकान आहे. मी अशा विकतो. म्हणजे दुसऱ्या जातीच्या, बांबूच्या काड्यांवर ताणून वाळवलेल्या. चाळीस वर्षं. जिवंत ही पहिली."

आता ही बाई आपल्याला दारातून बाहेर काढणार असं त्याला वाटलं. डॉक्टर वेन हातमोजे बदलत होत्या.

"लहानपणी मला दमा होता," त्या म्हणाल्या. "आजी असल्याच पालीचं सूप पाजायची. नाक दाबून."

"मग?"

"गेला दमा. पण तो वयानंही जातो." त्यांनी खांदे उडवले. "वाळू फार नाही, निघून जाईल. मला डोळ्यांचंच जास्त वाटतंय. बसा इथे, दिवा धरा."

त्यानं दिवा धरला. त्यांनी डोळ्यात सलाईन सोडलं, वाट पाहिली, पुन्हा सोडलं. मग बारीक चिमट्यानं पापणीखालून काहीतरी ओढायला सुरुवात केली. कांद्याच्या पापुद्र्यासारखं, एकावर एक बसलेलं, वाळून टणक झालेलं. कात टाकताना डोळ्यांवरची कातडी निघाली नव्हती. एकदा नाही, तीन-चार वेळा. उजव्या डोळ्यातून सगळं निघालं. डाव्यातून निघालं, पण खालचं बुबुळ दुधाळ होतं.

"डाव्यानं कितपत दिसेल सांगता येत नाही. उजव्यानं दिसेल. काका, ह्याला दिसतच नव्हतं. ही जात डोळ्यांनी शिकार करते. समोर अळी नाचली तरी ह्याच्या लेखी अंधारच."

तिएन-लू म्हणाला, "मी रोज तोंडाशी धरत होतो. तो मान फिरवायचा. मला वाटलं, त्याला नको आहे."

पाल तेव्हा डॉक्टरांच्या हातात होती. तिनं उजवा डोळा उघडला. तपकिरी, मधे उभी बारीक फट. दिव्याकडे, चिमट्याकडे, आणि मग तिएन-लूच्या तोंडाकडे. काय दिसत असेल कोण जाणे. तिनं लगेच डोळा मिटून घेतला.

त्या दिवशी तो घरी आला तो कागदी पिशवीभर वस्तू घेऊन: डोळ्यांचे थेंब, जंतांचं औषध, कॅल्शियमची पूड, डब्याखाली घालायची गरम चटई. वाळू नको, साधा कागद. एका बाजूला ऊब, दुसऱ्या बाजूला ओलसर शेवाळाची डबी, म्हणजे कात नीट निघेल. सगळं त्यानं दुकानातल्या पुडीच्या कागदावर लिहून डब्याच्या वर चिकटवलं.

अडचण निराळीच निघाली. थेंब दिवसातून दोनदा घालायचे होते. पालीची पापणी तांदळाच्या दाण्याएवढी आणि तिएन-लूचे हात अलीकडे कापायचे. तराजू धरताना कळत नसे, कारण तराजू दोरीवर आपोआप ठरतो. पण थेंब कधी नाकावर, कधी डोक्यावर, एकदा सरळ त्याच्याच बाहीवर. पाल चवताळून शेपूट हलवू लागली. चौथ्या खेपेला यू-ग्वेई स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"दे इकडे."

"तू हात लावणार नाही म्हणालीस."

"हात लावणार नाही म्हणाले, तुझा हा तमाशा बघत बसेन असं नाही म्हणाले. दे."

यू-ग्वेई तीस वर्षं बाजाराच्या छपराखाली छोट्या स्टुलावर बसून बायकांच्या चेहऱ्यावरची लव दोऱ्यानं काढून द्यायची. दोऱ्याचं एक टोक दातात, दोन बोटांत. नव्या नवऱ्या तिच्याकडे यायच्या, साठीच्या सासवाही. डोळ्यांच्या कडेला, ओठांच्या कोपऱ्याला तिचा दोरा फिरायचा आणि कुणाला ओरखडा म्हणून उठला नाही. तिनं पालीचं डोकं अंगठा आणि बोटामध्ये धरलं, घट्ट नाही, सैल नाही. दुसऱ्या हातानं पापणी वर. एक थेंब. दुसरी पापणी, एक थेंब.

"झालं," ती म्हणाली. आणि मग, हात तसाच ठेवून, "अरे, ही तर मऊ आहे. मला वाटलं होतं खरखरीत असेल."

"नर आहे तो."

"काय?"

"डॉक्टर म्हणाल्या."

तिनं पालीकडे नीट पाहिलं. "मग सवत कसली! जावई म्हणायचं की," ती म्हणाली. "तरीच तोंड वाकडं करून बसलाय, पाहुणचार आवडला नाही म्हणून."

त्यानंतर सकाळ-संध्याकाळ थेंब तिनंच घातले. तिएन-लू दिवा धरायचा. अशी दोघं एका दिव्याखाली डोक्याला डोकं लावून शेवटची कधी बसली होती ते दोघांनाही आठवलं नसतं. त्या आठवड्यातच एका संध्याकाळी, थेंब घालून झाल्यावर, तिएन-लूनं तिला ते दोन महिन्यांचं सांगितलं. तोंड डब्याकडे ठेवून. डॉक्टरांनी काय विचारलं, तो काय म्हणाला, वडील कसे बघत राहिले.

यू-ग्वेई बाटलीचं बूच लावत होती.

"तुझ्या बापाला रांगेत उभं करणं देवालाही जमलं नसतं," ती म्हणाली.

"ते खरं. पण मी खोटं का बोललो?"

"लाज वाटली म्हणून." तिनं बाटली कागदावर ठेवली. "त्यांनाही वाटली असेल. नाहीतर तिथल्या तिथे तुझी चामडी सोलली असती. माझे सासरे होते ते, मला माहीत आहे."

ती स्वयंपाकघरात गेली. वडिलांच्या त्या नजरेचा अर्थ त्यानं इतकी वर्षं एकाच तऱ्हेनं लावला होता. दुसरा काही लागू शकतो हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. तो अर्थ खरा होता की बायकोनं त्याला बरं वाटावं म्हणून सांगितला, हे आता कुणाला विचारणार?

पालीनं खायला आणखी सहा दिवस घेतले. तोवर यू-ग्वेई काडीच्या टोकावर पातळ खाद्य घेऊन तिच्या ओठांना लावायची; पाल जिभेनं चाटून टाकायची. सातव्या दिवशी संध्याकाळी तिएन-लूनं नेहमीप्रमाणे चिमट्यात अळी धरली, डोक्यात दुसरंच काहीतरी होतं. पालीनं मान तिरकी केली. उजवा डोळा अळीवर. शेपटीचं टोक हळूहळू वळवळायला लागलं. आणि मग तिनं चिमटा एवढ्या जोरात हिसडला की त्याच्या हातून सुटला.

"ग्वेई! ग्वेई, ये लवकर!"

यू-ग्वेई हातात सुरी घेऊन धावली. तिला वाटलं म्हातारा पडला. बघते तर तो मांडी घालून बसलेला, आणि डब्यात पाल तोंडात अळी धरून, डोळे मिटून, सावकाश चावते आहे. गिळल्यावर तिनं जीभ काढून आधी नाक चाटलं, मग उजवा डोळा.

"दुसरी दे," यू-ग्वेई म्हणाली. "बघतोस काय, दे!"

नववर्षाच्या सणापर्यंत पाल अडतीस ग्रॅमवर गेली. सणाला मुलगी आली, तिनं फोटो काढले. फांगबाई तिळाचे लाडू घेऊन आल्या, डब्यात बघून म्हणाल्या, "ही तीच? मग मला आधी का नाही सांगितलंत अशी गोंडस दिसते म्हणून!" डावा डोळा दुधाळच राहिला. त्या बाजूनं अळी आली तर पाल चुकायची, म्हणून तिएन-लू नेहमी उजवीकडून धरायचा.

सणानंतर ऊस तोडणीचे शेवटचे दिवस होते. कारखान्याला ऊस आणणाऱ्या छोट्या आगगाडीचा ड्रायव्हर लाई दुकानात आला. कपड्यांना काकवीचा वास.

"दादा, वाळल्या पालींची एक जोडी द्या. आईचा खोकला थांबत नाही."

"कधीपासून आहे?"

"झाला की महिना-दीड महिना."

"एक्स-रे काढला?"

लाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू मिठाईवाल्यानं साखर खाऊ नका म्हणून सांगितलं. "अहो, मी औषधाच्या दुकानात आलोय. तुमचे वडील असते तर आतापर्यंत पुडी बांधून झाली असती."

"हो," तिएन-लू म्हणाला. "बांधली असती. तू आधी आईला घेऊन जा. जोडी कुठे जात नाही, बाजूला काढून ठेवतो."

"आई येणार नाही. ती म्हणते, डॉक्टर काहीतरी काढतातच."

"मी येतो सांगायला. किती वाजता घरी असता?"

लाईला हसू आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान पुन्हा बंद दिसलं, तेव्हा शेजाऱ्यांनी यू-ग्वेईला विचारलं, आता कुणाची पाल आजारी आहे म्हणून. तिएन-लू लाईच्या आईसमोर दोन तास बसला होता. तिला त्यानं आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली; सगळी. म्हातारी शेवटी म्हणाली, "तुम्ही फार बोलता हो, तुमचे वडील असे नव्हते," आणि चपला शोधू लागली.

फोटोत फुप्फुसाच्या कडेला सूज निघाली, औषधानं बरी होणारी. गोळ्या सुरू झाल्या. पंधरा दिवसांनी लाई परत आला: खोकला कमी आहे, पण आईला जोडी हवीच आहे, तिच्या मनाची समजूत. इस्पितळातल्या डॉक्टरांना विचारलंय, ते म्हणाले, गोळ्या चुकवू नका म्हणजे झालं. तिएन-लूनं बरणी उघडली. बांबूच्या काड्यांवर ताणलेली ती दोन अंगं फळीवर ठेवली. प्रत्येक पायाला पाच बोटं होती. एरवी त्यानं कधी मोजली नव्हती. मग त्यानं ती कागदात बांधली, दोरा आवळला आणि लाईच्या हाती दिली. विकायची नाही असं काही त्यानं मनाशी ठरवलं नव्हतं. पण पुढच्या महिन्यात माल पुरवणाऱ्याचा फोन आला, आणि यादी वाचता वाचता तो वाळल्या पालींच्या ओळीवर आला, तेव्हा "ते नको या खेपेला," असं तिएन-लू म्हणाला.

उन्हाळा लागता लागता तपासणीला तो पुन्हा तायचुंगला गेला. या वेळी यू-ग्वेई बरोबर होती, थैली तिच्या मांडीवर. वजन पंचेचाळीस. डॉक्टर वेन खूष झाल्या. निघताना यू-ग्वेईनं विचारलं, "बाई, ही जात जगते किती?"

"नीट ठेवलं तर पंधरा वर्षं. वीससुद्धा. हा चार-पाचचा असेल."

दोघं परतीच्या गाडीत बसली. बाहेर भातशेतांत पाणी भरलं होतं आणि लावणीची यंत्रं फिरत होती. यू-ग्वेई बोटांवर काहीतरी मोजत होती.

"त्रेसष्ट आणि पंधरा," ती म्हणाली. "अठ्ठ्याहत्तर. तुझ्या घराण्यात अठ्ठ्याहत्तरपर्यंत कुणी गेलंय का?"

"आत्या गेली होती."

"आत्या काही औषधाची धूळ खात नव्हती. तू आधी जाणार, आणि हा माझ्या गळ्यात."

"मुलीकडे दे."

"ती? तिच्याकडे कॅक्टस वाळला." यू-ग्वेईनं थैलीचं तोंड जरा उघडून आत पाहिलं, आणि खिडकीतून येणारं ऊन लागू नये म्हणून हातानं आडोसा धरला. "मला चिमटा धरायला शिकव. थेंब मला येतात, पण अळी धरताना मला अजून शिसारी येते."

"आज संध्याकाळी शिकवतो," तिएन-लू म्हणाला.

"आज नको. आज बाजारात जायचंय, अळ्या संपल्यात."